लुसेरोच्या जावळाची पहिली बट

साबिनो मास्तर चालायला लागला की त्याचे पाय आधी पोचतात आणि बाकीचा मास्तर मागून सावकाश येतो, असं आमच्या डोंगरातल्या कोचाराया गावात म्हणतात. हे त्याच्या तोंडावर म्हणतात, आणि तोही मान हलवतो. कारण ते खरंच आहे.

मास्तर शाळेत बँड शिकवायचा. संतांच्या जत्रेत मिरवणुकीच्या पुढे ट्रम्पेट वाजवत चालायचा मानही त्याचाच. एका वर्षी काय झालं, देवळापाशी डावीकडे वळायचं हे शेंबड्या पोरालाही ठाऊक, पण मास्तरच्या डोक्यात तेव्हा पुढची धून सुरू झाली होती. तो सरळ गेला. मागचे वीस वाजंत्रीही सरळ गेले. संतांची मूर्ती खांद्यावर घेतलेले चौघे तेवढे शहाणे, ते तळ्याच्या काठावर थांबले. पाणी गुडघ्याला लागलं तेव्हा ढोलवाल्यानं ढोल डोक्यावर घेतला, तरी वाजवायचं कोणी थांबेना. मास्तर मागे वळून म्हणाला, "ऐका, पाण्यावर आवाज किती लांब जातोय!" आणि खरं सांगायचं तर त्या दिवशीसारखी धून नंतर कधी वाजली नाही. फक्त निम्म्या बँडला पडसं झालं.

असा माणूस गावच्या अध्यक्षपदाच्या निवडणुकीला उभा राहिला म्हटल्यावर गाव आठवडाभर हसलं. मग गावानं विचारलं, का उभा राहतोयस बाबा?

मास्तरला वर्षानुवर्षं एकच स्वप्न पडायचं, आणि तेही जागेपणी. वरच्या वाडीत नळ आलेत. प्रत्येक दारात एक. सकाळी बायका नळ सोडतात आणि प्रत्येक नळाचा सूर वेगळा, कुठे खाली, कुठे वर, आणि सगळी वाडी मिळून एक गाणं वाहू लागतं. त्याची बायको निएवेस वरच्या वाडीतली. लग्नाआधी तिनं वरच्या कुरणातल्या झऱ्यावरून पिवळ्या डब्यांतून एवढं पाणी वाहिलं होतं की अजूनही रिकाम्या हातांनी चालताना तिचे खांदे किंचित खाली झुकलेले असतात. तिला या गाण्याचं कौतुक नव्हतं. ती म्हणायची, "सूर राहू दे. पाणी आलं तरी पुरे."

मास्तरला पक्षचिन्ह मिळालं किटली. चुलतभाऊ रुपेर्तो प्रचारप्रमुख झाला, म्हणजे त्यानं स्वतःच स्वतःला केला. चाळीस कॅलेंडरं छापली. सायकलच्या कॅरिअरला एक कर्णा बांधला. कर्ण्यातून मास्तरचंच ट्रम्पेट वाजायचं आणि मध्येच रुपेर्तो ओरडायचा, "किटली! किटलीवर फुली!" पोरं मागे धावायची. पण पोरांना मत नसतं.

आमच्याकडे निवडणूक म्हणजे भिंतींचा सण. ज्याच्याकडे रंग त्याच्याकडे भिंती, आणि ज्याच्याकडे भिंती त्याच्याकडे गाव. आधीचा अध्यक्ष विल्बर पुन्हा उभा होता, त्याचं चिन्ह चाक. तळ्यापासून स्मशानापर्यंत एकही भिंत अशी राहिली नाही की जिच्यावर चाक नाही. मातीच्या विटांच्या पडक्या कोंबडीघरावरसुद्धा चाक. या चाकांचा रंग कुठून येतो हे कोणी विचारत नव्हतं, कारण सगळ्यांना माहीत होतं. तो येतो इंजिनियर बेरोकालच्या गोदामातून.

बेरोकाल आरेकिपा शहरातला ठेकेदार. पुतळे, चौक, कमानी ही त्याची खासियत. मागच्या वेळी गावानं गटार मागितलं होतं. गावाला मिळाला चौकात तीन मजली सिमेंटचा बेडूक. जिभेवरून पोरं घसरतात. गटार नसल्यानं पावसात बेडकाभोवती पाणी साठतं, तेव्हा निदान तो तरी खूश असतो. आसपासच्या खोऱ्यांत बेरोकालनं असे चौदा चौक केले, आणि त्या चौदाही गावांचे अध्यक्ष त्याचे कॉम्पाद्रे. म्हणजे प्रत्येकाच्या पोराचा धर्मपिता तो.

एका दुपारी धुक्यातून पांढरी जीप वर आली आणि साबिनोच्या दारात थांबली. निएवेस चुलीपाशी होती. बेरोकाल वाकून आत शिरला, वाळवलेल्या काळ्या बटाट्यांचं सूप न विचारताच समोर आलं, आणि माणूस हुशार, त्यानं ते शेवटच्या थेंबापर्यंत प्यायलं.

"मास्तर, तुमची किटली उकळत नाही असं ऐकतोय."

"विस्तव मंद आहे, इंजिनियरसाहेब," साबिनो म्हणाला.

"लाकडं मी देतो की."

"मोठी देणगी बँकेतून घ्यावी लागते म्हणे. नावानिशी." हे रुपेर्तो कोपऱ्यातून म्हणाला, त्याला हे पाठ होतं, कारण याचंच त्याला दुःख होतं.

बेरोकाल हसला. दुसऱ्या कोपऱ्यात साबिनोची चार वर्षांची पोर लुसेरो मांजराशी भांडत बसली होती. जन्मापासून तिच्या केसांना कात्री लागली नव्हती. केस कमरेपर्यंत, गुंता असा की त्यात एकदा चमचा सापडला होता.

"पोरीचं जावळ कधी?" बेरोकालनं विचारलं.

निएवेसनं चुलीत लाकूड सारलं. चूल तडतडली. जावळाला आमच्याकडे पाहुणे एकेक बट कापतात आणि ताटात आहेर ठेवतात. पहिली बट कापतो तो धर्मपिता. त्याचा आहेर सगळ्यांत मोठा. आणि धर्मपिता झाला की तो बापाचा कॉम्पाद्रे, आणि कॉम्पाद्रेला जन्मात नाही म्हणायचं नसतं. नाही म्हणणाऱ्याच्या बटाट्यांना कीड लागते असं म्हातारे सांगतात. लागलेली कोणी पाहिली नाही, कारण नाहीच कोणी म्हणत नाही.

"लहान लेकराला आहेर द्यायला कुठला कायदा आडवा येतो?" बेरोकाल म्हणाला. जाता जाता त्यानं कॅलेंडराच्या पाठीवर पेनानं एक चित्र काढलं. पंख पसरलेला कॉन्डोर, आमच्या डोंगरांतलं ते अवाढव्य गिधाड, आणि पंखांवर बाकडी. "वरच्या कुरणात फार छान दिसेल. झऱ्याच्या अगदी वर. सहजच काढलं हो. तुम्ही कलावंत माणूस, तुम्हाला आवडेल म्हणून."

जीप गेली. निएवेसनं त्याचं भांडं दोनदा विसळलं.

"झऱ्यावर सिमेंट ओतलं तर तुझे नळ काय गाणार?" ती म्हणाली.

"वहिनी, आधी निवडून तर येऊ दे!" रुपेर्तो उसळला. "विल्बरच्या पोराचं जावळ या इंजिनियरनंच केलं. पैसे पोराचे म्हणून ताटात पडले आणि दुसऱ्या दिवशी भिंतींवर चाकं झाली. कोणी काही बोललं? आहेर पोराचा असतो हे खरं, पण निवडणुकीत सगळे डोळा मारतात."

"सगळे मारतात म्हणून माझ्या डोळ्यात कचरा जायला हवा का?"

"पण पहिली बट आन्सेल्मोला सांगितलीय," साबिनो हळूच म्हणाला.

खरं अडलं होतं ते इथे. म्हातारा आन्सेल्मो वरच्या वाडीत राहायचा आणि अल्पाका राखायचा, ती लांब मानेची, लोकरीच्या गोळ्यांसारखी जनावरं. साबिनोला लहानपणी बाप नव्हता. वाजवायला शिकवलं ते आन्सेल्मोनं. लुसेरो तीन दिवसांची असताना साबिनोनं तिला त्याच्या मांडीवर ठेवलं आणि म्हणाला, पहिली बट तुमची. म्हातारा त्या दिवसापासून चार वर्षं कात्रीला धार लावत होता.

साबिनो तळ्याकाठी फिरायला गेला. लव्हाळ्यांत धुकं अडकलं होतं आणि पाणकोंबड्या दिसत नव्हत्या, नुसत्या बोलत होत्या. चालता चालता तो अध्यक्ष झाला. छातीवर पट्टा आला, मागे बँड आला, वरच्या वाडीतल्या पहिल्या दारात त्यानं पहिला नळ सोडला आणि तो षड्जात वाजला. बायका टाळ्या पिटत होत्या. गर्दीच्या कडेला बेरोकालही टाळ्या पिटत होता. "कॉम्पाद्रे," तो म्हणाला, आणि त्याच्या हातात ते कॅलेंडर होतं. साबिनोनं स्वप्नातच घाईनं दुसरा नळ सोडला. तो कोरडाच होता. तिसराही. मग त्यानं डोळे चोळले, पाहिलं तर बुटांत तळं शिरलेलं.

तरीही तो आन्सेल्मोकडे गेला. माणूस स्वप्नातून शहाणा होऊन उठतो असं थोडंच आहे!

म्हातारा उन्हात बसून सूत काढत होता. साबिनोनं सांगायला सुरुवात केली, निवडणूक, भिंती, रंग, खर्च. बोलता बोलता त्याला वाटलं, आपण एखाद्या धुनेतली मधली ओळ विसरलोय आणि तीच तीच पहिली ओळ वाजवतोय.

"थांब," आन्सेल्मो म्हणाला. "माझी बट विकलीस का?"

"विकली नाही, तात्या. पुढे ढकलली."

"किती पुढे?"

"तुम्ही म्हणाल तितकी."

म्हाताऱ्यानं चाती थांबवली नाही. "मग शेवटची दे. पहिली बट टोकाकडची, वाऱ्यानं वाळलेली. शेवटची डोक्याच्या अगदी जवळची. इंजिनियरला टोक घेऊ दे." आणि लोकरीचा नवा पुंजका घेत, "बेडूक कसा आहे रे तुमचा?"

"आहे, तात्या."

"त्याला माझा नमस्कार सांग. तुझं त्याच्याशी आता नातं लागतंय."

साबिनो उतरला तेव्हा त्याचे पायही मागे राहिले होते आणि मास्तरही. मग नेमकं घरी कोण पोचलं, कुणास ठाऊक.

जावळ रविवारी झालं. अंगणात गवताच्या पेंढ्यांवर घोंगड्या पसरल्या, दोन बकऱ्या कापल्या, बिअरची खोकी बेरोकालच्या जीपमधून उतरली. निएवेसनं पहाटेपासून लुसेरोच्या गुंत्याच्या बारीक बारीक वेण्या घातल्या होत्या आणि प्रत्येकीला रंगीत फीत बांधली होती. पोरगी उंच खुर्चीवर बसली होती, जत्रेतल्या देवीसारखी, फक्त देवीला नाक पुसावं लागत नाही.

बेरोकाल पुढे आला. त्यानं टोपी काढली. डोकं तुळतुळीत.

लुसेरोनं त्याच्याकडे नीट पाहिलं. "तुझं सगळं जावळ झालं का?"

अंगण हसलं. बेरोकालही हसला, अशा वेळी हसायचं असतं हे त्याला चौदा गावांत कळलं होतं.

"धर्मपित्यानं दोन शब्द बोलावेत," निएवेस म्हणाली. तिनं ताटाखाली एक विणलेलं जाड फडकं अंथरलं होतं.

"मी काय बोलणार!" बेरोकालनं हात छातीवर ठेवला. "हे या लेकराच्या भविष्यासाठी. फक्त लेकराच्या."

"पुन्हा सांगा साहेब, म्हाताऱ्यांना ऐकू गेलं नाही," निएवेस म्हणाली.

"फक्त लेकराच्या!" तो मोठ्यानं म्हणाला. चार-पाच फोन वर झाले होते, त्यांच्याकडे बघून तो पुन्हा एकदा म्हणाला. मग पहिली बट कापली आणि ताटात पाकीट ठेवलं. पाकीट इतकं जाड की त्याचं तोंडच मिटत नव्हतं. रुपेर्तोचे डोळे ओले झाले. पोरीच्या मायेनं नव्हे.

मग मामा, आत्या, शेजारी, शाळेतले मास्तर. कोणी नोट ठेवली, कोणी कोंबडीच्या पायाला फीत बांधून आणली. सगळ्यांत शेवटी आन्सेल्मो उठला. मानेजवळची एकच वेणी उरली होती. त्यानं खिशातून आपली कात्री काढली, ताटातली घेतली नाही. कच्च असा आवाजही आला नाही, इतकी धार. ताटात त्यानं काहीच ठेवलं नाही. बाहेर दोरीला एक पांढरी अल्पाका मादी बांधली होती, तिची दोरी त्यानं लुसेरोच्या मुठीत दिली.

"तिचं नाव काय?" लुसेरोनं विचारलं.

"तू ठेवशील ते."

"इंजिनियर," लुसेरो म्हणाली.

इतकं हसू झालं की तळ्यावरची बदकं उडाली. बेरोकालनं साबिनोच्या खांद्यावर हात टाकला. "चला कॉम्पाद्रे, झालं!" तो शब्द पहिल्यांदाच उच्चारला गेला. साबिनोला खांद्यावर ट्रम्पेट नव्हे, ट्युबा, बँडमधला सगळ्यांत जड बाजा, ठेवल्यासारखं वाटलं.

संध्याकाळी निएवेसनं फडक्याची चारही टोकं उचलली, कापलेले केस आणि आहेर एकत्र बांधले आणि गाठोडं खुंटीला अडकवलं. रीत अशीच आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी रुपेर्तो यादी घेऊन हजर. रंगाचे डबे, टोप्या, तीन ट्रक, नाच-गाण्याची टोळी, शेवटच्या सभेला भाजलेली डुकरं. "शहरात छापखान्यात आजच जायला हवं. वहिनी, गाठोडं काढा."

"ते लुसेरोचं आहे."

"ते आम्हालाही माहीत आहे!"

"मग लुसेरोला विचार."

लुसेरो बोडक्या डोक्यावर लोकरीची टोपी घालून 'इंजिनियर'ला गवत चारत होती. रुपेर्तो तिच्याकडे गेला नाही. तो साबिनोकडे वळला. "हे बघ, तू स्वच्छ राहून हरलास तर वरच्या वाडीला काय मिळणार? विल्बर येईल, कॉन्डोर तरीही होईल. निदान तू असलास तर कॉन्डोर छोटा करशील!"

हे साबिनोला खरंच पटलं. छोटा कॉन्डोर. त्याच्या डोळ्यांसमोर चिमणीएवढा कॉन्डोर झऱ्याच्या कडेला बसला आणि पाणी प्यायला. त्यानं खुंटीवरून गाठोडं काढलं. निएवेसनं फक्त त्याच्या शालीचं टोक नीट केलं, आणि असं तिनं बोलण्याऐवजी केलं की साबिनोला जास्त ऐकू यायचं.

शहराकडे जाणाऱ्या गाडीत तो खिडकीपाशी बसला. गाठोडं मांडीवर. पठारावर धुकं असं की रस्ता चालकाच्या आठवणीतूनच जात होता. फडक्यातून पोरीच्या केसांचा वास येत होता, चुलीचा धूर आणि बकरीचं दूध. साबिनोनं डोळे मिटले आणि तो पुन्हा अध्यक्ष झाला. या वेळी पट्टा जरा घट्ट होता. टेबलावर कागद आला. "कॉम्पाद्रे, इथे सही." त्यानं सही केली. दुसरा कागद. "इथे." त्यानं पाहिलं तर त्याचं पेन म्हणजे केसांची वेणी होती, टोकाला लाल फीत, आणि प्रत्येक सहीला ती थोडी थोडी झिजत होती. तो म्हणाला, जरा थांबा, हिला पुन्हा वाढायला चार वर्षं लागतील. पण बेरोकालला घाई होती, आणि तोही काही वाईट बोलत नव्हता, प्रेमानंच म्हणत होता, कॉम्पाद्रे, अजून एक.

गाडी थांबली. बाहेरून बाजाराचा आवाज आला. सोमवार होता, रस्त्याच्या वळणावर जनावरांचा बाजार भरतो. धुक्यातून लांब माना वर येत होत्या, कान ताठ, जणू कोणीतरी पांढऱ्या ढगांवर डोळे रेखलेत. साबिनो उतरला. का उतरला, असं नंतर लोकांनी त्याला शंभर वेळा विचारलं. त्यानं शंभर वेळा वेगवेगळं सांगितलं. एकदा म्हणाला, लघवीला उतरलो होतो. मला विचाराल तर ते पेन त्याला पेलवलं नाही.

संध्याकाळी वरच्या वाटेनं गावात घुंगरांचा आवाज आला. पुढे साबिनो, काखेत गाठोडं, आता चपटं, आत फक्त केस. मागे चौतीस अल्पाका. सगळ्यांची पावती लुसेरो कील्काच्या नावे. रुपेर्तो चौकात रंगाऱ्यांना घेऊन उभा होता. कळप त्याच्या दोन्ही बाजूंनी वाहत गेला. एकीनं त्याची यादी खाल्ली.

"साबिनो," तो कसाबसा म्हणाला, "रंग?"

"पांढरा, तपकिरी, आणि दोन करडे," साबिनो म्हणाला.

आठ दिवसांनी पांढरी जीप आली. गावात एकही किटली रंगलेली नाही हे बेरोकालनं खालीच पाहिलं होतं. तो दारात उतरला तेव्हा चेहरा अगदी गोड होता.

"कॉम्पाद्रे, पोस्टरं कुठायत?"

"कुरणात आहेत, कॉम्पाद्रे. चरताहेत."

"म्हणजे?"

"चला, दाखवतो. नाहीतरी आज तुम्हाला निरोप पाठवणारच होतो. कळपाच्या कानांत लोकर बांधायची आहे. पहिली धर्मपित्यानं बांधायची असते."

वरच्या कुरणात वाडीतली पन्नास माणसं जमली होती. झऱ्याच्या पाण्यानं जमीन मऊ, पाय टाकला की स्पंजासारखी दबते. बेरोकालच्या शहरी बुटांनी दोनदा तळ गाठला. निएवेसनं त्याच्या हातात गुलाबी लोकरीचे गोंडे आणि सुई दिली.

त्यानं साबिनोला बाजूला ओढलं. आवाज खाली. "मास्तर, ते पैसे मी कशासाठी दिले होते?"

साबिनो माणूस भित्राच, भांडण त्याला जमत नाही. पण आजूबाजूला आन्सेल्मो होता, निएवेस होती, आणि सगळे इतक्या प्रेमानं बघत होते की त्याला प्रश्न खरंच समजेनासा झाला.

"कशासाठी दिले होते, कॉम्पाद्रे?" त्यानं अगदी मनापासून विचारलं, नेहमीच्याच, बाजावाल्याच्या आवाजात. तो कुरणभर गेला.

पन्नास माना वळल्या. अल्पाकांच्या धरून पंच्याऐंशी. तेवढ्यात दोघांनी फोनही काढले.

बेरोकालनं सुईकडे पाहिलं, झऱ्याकडे पाहिलं. "लेकरासाठी," तो म्हणाला.

"वाः!" आन्सेल्मो म्हणाला. "असा धर्मपिता शोधून सापडत नाही. आता पहिली 'इंजिनियर'ला बांधा, साहेब. ती जरा थुंकते."

ती थुंकली. बेरोकालनं तरी गोंडा बांधला, आणि न्यायानं सांगायचं तर नीट बांधला. लुसेरोनं त्याचा हात धरून त्याला पुढच्या जनावराकडे नेलं. दोन पेले मक्याची दारू झाल्यावर त्यानं कोट काढला; चार झाल्यावर तो नाचला. खरंच नाचला. धुकं उतरलं तेव्हा गुलाबी कानांच्या कळपात त्याचं तुळतुळीत डोकं तेवढं कधी इथे, कधी तिथे चमकत होतं आणि क्षणभर कोणालाच आठवेना की हा माणूस नेमका कोण.

सकाळी उतरताना मात्र त्याला आठवलं. जीपनं खाली विल्बरच्या दारात आणखी रंग उतरवला.

ऑक्टोबरात मतदान झालं. शाळेच्या फळ्यावर आकडे लिहिले गेले. वरची वाडी पूर्ण किटलीची. खालचं गाव चाकाचं. साबिनो त्र्याऐंशी मतांनी हरला. रुपेर्तो फळ्यासमोरच बसला. "चार भिंती," तो म्हणत होता. "चार भिंती रंगवल्या असत्या तर!" आणि ते खोटं नव्हतं. गावानं त्या दिवशी साबिनोची चेष्टा केली नाही, यावरूनच ओळखा.

बेरोकाल दिवाळखोर झाला नाही की सुधारलाही नाही. डिसेंबरात तो कॉन्डोरची मोजमापं घ्यायला कुरणात आला. मोजणीची दोरी पसरली तर तिच्यावर पस्तीस अल्पाका बसलेल्या. लोकांनी सांगितलं, कळपाच्या मालकिणीला विचारा. मालकीण तेव्हा चिखलाचे पाव भाजत होती. तिनं धर्मपित्याला एक पाव दिला आणि म्हणाली, "आता नाही. त्या झोपल्यायत." बेरोकालनं पाव हातात धरला. काम रद्द झालं का? छे. पुढे गेलं. पावसानंतर बघू, म्हणाला. पावसानंतर तो पुन्हा येईल, आणि वाडी तेव्हा काय करेल हे वाडीलाही अजून ठाऊक नाही.

त्या संध्याकाळी साबिनो कळप घेऊन उतरत होता. धुक्यात वाट दोन हात पुढेच दिसत होती. समोरून एक माणूस वर येताना दिसला. छातीवर अध्यक्षाचा पट्टा, अंगात चांगला काळा कोट, चाल मात्र ओळखीची. पाय आधी, बाकीचा माणूस मागून. त्याच्या डोक्यावर कोणीतरी छत्री धरली होती, आणि छत्री धरणारा हात कोणाचा ते धुक्यात दिसत नव्हतं. पाऊस नव्हताच.

वाट अरुंद होती. साबिनोनं कळप कडेला घेतला आणि त्याला जाऊ दिलं. तो माणूस थबकला. काहीतरी विचारावं असं त्याच्या मनात होतं, पण छत्री पुढे सरकली, आणि उन्हात उभं राहायची सवय मोडलेल्या माणसासारखा तो तिच्या मागोमाग गेला.

"कोण होतं?" मागून निएवेसनं विचारलं. ती झऱ्यावरून पाण्याचे डबे भरून येत होती.

"ओळखीचा वाटला," साबिनो म्हणाला, आणि तिच्या हातातला एक डबा घेतला.